पडदा सदोष, श्रवण निर्दोष

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



स्पर्शन, रसना, घ्राण आणि चक्षू ही चार इंद्रिये लाभलेल्या जीवालाही ऐकू येत नाही. पाचवे श्रोत्रेन्द्रिय लाभते तेव्हाच श्रवण घडते, अशी आपल्या शास्त्राची मांडणी आहे. ‘श्रावक’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘ऐकणारा’ असा आहे. ज्या समाजाने आपल्या गृहस्थाला ‘ऐकणारा’ हे नाव दिले, त्या समाजाने कानाविषयी थोडी अधिक जाण ठेवावी, ही अपेक्षा गैर ठरणार नाही.

आजचा विषय काहीसा चमत्कारिक वाटेल. कान बिघडला म्हणजे ऐकू येणे कमी होते आणि ऐकू येते त्या अर्थी कान चांगला आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही दोन्ही विधाने अर्धसत्य आहेत. कानाचा पडदा पांढऱ्या चट्ट्यांनी भरलेला, आत ओढलेला किंवा सच्छिद्र आहे, पडद्यामागच्या तीन हाडांपैकी एकाचा भाग झिजून नाहीसा झाला आहे, आणि तरीही त्या कानाची श्रवणचाचणी अगदी सामान्य आली आहे, असे रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञांना नेहमी भेटतात. यांपैकी काहींना कोणत्याही उपचाराची गरज नसते आणि तरी ते भयभीत होतात. काहींना तातडीच्या उपचाराची गरज असते आणि ‘मला तर उत्तम ऐकू येते’ असे म्हणून ते घरी जातात. या दोघांतील भेद समजून घेणे हाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

कानाची रचना आणि तिचे गणित

कानाचे बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतःकर्ण असे तीन भाग आहेत. बाह्यकर्णाच्या नळीच्या टोकाला सुमारे ९ ते १० मिलिमीटर व्यासाचा, कागदासारखा पातळ पडदा असतो. त्याची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते आणि एवढ्या पातळ पडद्यातही तीन थर असतात. बाहेरचा थर त्वचेचा, मधला तंतूंचा आणि आतला श्लेष्मल आवरणाचा. पडद्याला ताण आणि बळकटी मिळते ती या मधल्या तंतुमय थरामुळे.

पडद्यामागे हवेने भरलेली लहानशी पोकळी आहे. तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांनी ओळखली जाणारी तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड. त्याची उंची सुमारे ३ मिलिमीटर आणि वजन अवघे काही मिलिग्रॅम. या रिकिबीचा तळ अंतःकर्णाच्या खिडकीवर टेकलेला असतो. खिडकीपलीकडे द्रव आहे, आणि त्या द्रवातील कंपनांचे विद्युत्संदेशात रूपांतर होऊन ते मेंदूकडे जातात.

येथे एक अडचण उद्भवते. हवेतील ध्वनी थेट द्रवावर आदळला तर त्याचा बहुतेक सर्व भाग परावर्तित होतो. तळ्याच्या पाण्यात बुडी मारलेल्याला काठावरचे बोलणे ऐकू येत नाही, त्याचे कारण हेच. मध्यकर्ण ही अडचण दूर करतो. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीचा तळ सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या क्षेत्रावरचे बल लहान क्षेत्रावर एकवटल्यामुळे दाब सुमारे १७ पट होतो. हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी १.३ पट भर पडते. एकूण वाढ सुमारे २२ पट, म्हणजे डेसिबलच्या भाषेत २६ ते २७ डेसिबल. पडदा आणि तीन हाडे यांची कामगिरी ही अशी आहे.

आता व्यवहार पाहू. कुजबुज साधारण ३० डेसिबलची आणि नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार २० डेसिबलपेक्षा कमी ध्वनी ज्याला ऐकू येतो, त्याचे श्रवण सामान्य गणले जाते. पूर्वी ही मर्यादा २५ डेसिबल होती. याचा अर्थ असा की, ज्याचा कान मुळात शून्य डेसिबलपर्यंत ऐकत होता, त्याने १५ डेसिबल गमावले तरी त्याचा अहवाल ‘सामान्य’ येतो आणि दैनंदिन व्यवहारात त्याला काही जाणवतही नाही. निसर्गाने दिलेली शिल्लक मोठी असल्यामुळे थोडी तूट लक्षात येत नाही. व्यापारी कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही!

दोनशे वर्षांपूर्वीचे एक निरीक्षण

या विषयाची एक शास्त्रशुद्ध नोंद लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी केली. (जुहूच्या कूपर रुग्णालयाशी त्यांचे नामसाम्य तेवढे आहे, ते रुग्णालय डॉ. आर. एन. कूपर यांच्या नावाचे.) १८०० साली रॉयल सोसायटीपुढे त्यांनी एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याची हकिगत मांडली. त्याच्या एका कानाचा पडदा पूर्णतः आणि दुसऱ्याचा बराचसा नष्ट झालेला होता. नाक दाबून श्वास सोडला की हवा कानातून बाहेर पडे. असे असूनही हा विद्यार्थी भोवतालचे संभाषण चांगले ऐकू शकत असे आणि बासरीही उत्तम वाजवीत असे. तोपर्यंत पडदा फाटला की श्रवण संपले, अशी समजूत होती. कूपर यांच्या निरीक्षणाने ती मोडीत निघाली. १८०१ मध्ये त्यांना कोपली पदकाने गौरविण्यात आले.

या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. पडद्याला छिद्र पडले तरी ऐकू येते, हे पाहून कूपर यांनी युस्टेशियन नलिका बंद झाल्यामुळे आलेल्या बहिरेपणात मुद्दाम पडद्याला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. निवडक रुग्णांना तिचा गुण आला. पुढे इतरांनी ती सरसकट कोणत्याही बहिऱ्यावर केली, अपयश पदरी आले आणि शस्त्रक्रियाच बदनाम झाली. एका कानाचे सत्य दुसऱ्या कानावर लादू नये, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

सदोष दिसणारे, पण ऐकणारे कान

आता अशा कानांचे प्रमुख प्रकार पाहू.

पहिला प्रकार पांढऱ्या चट्ट्यांचा. लहानपणी वारंवार कान फुटणे, पडद्यामागे दीर्घकाळ पाणी साचणे किंवा त्या पाण्यासाठी पडद्यात बारीक नळी बसविणे, यांनंतर पडद्याच्या मधल्या थरात कॅल्शियमयुक्त चट्टे उरतात. दुर्बिणीतून ते खडूच्या खुणांसारखे दिसतात. पाहणाऱ्याला चिंता वाटावी असेच ते दृश्य असते. परंतु चट्टे पडद्यापुरते मर्यादित असतील तर पडदा पुरेसा हलतो आणि श्रवण बहुधा सामान्यच राहते. हीच प्रक्रिया हाडांभोवती पसरून त्यांना जखडते, तेव्हा मात्र ऐकणे घटते. चट्ट्याच्या आकारापेक्षा त्याची जागा येथे महत्त्वाची ठरते.

दुसरा प्रकार भरून आलेल्या छिद्राचा. पडदा फाटल्यावर तो पुष्कळदा आपोआप भरून येतो, पण मधला तंतुमय थर पुन्हा तयार होत नाही. परिणामी त्या जागी दोनच थरांचा पारदर्शक पापुद्रा राहतो. तो इतका स्वच्छ असतो की नवख्या नजरेला तेथे अजून भोक आहे असे वाटावे. श्रवण मात्र उत्तम असते. येथे आणखी एक गंमत आहे. पडद्याची लवचिकता मोजणाऱ्या टिम्पॅनोमेट्री या चाचणीत असा पातळ पापुद्रा फार सैल असल्याचे दिसते. हाडांची साखळी तुटल्यावरही आलेख तसाच येतो. केवळ आलेख पाहून ‘हाड तुटले’ असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकू शकतो. सोबतची श्रवणचाचणी सामान्य असेल, तर साखळी तुटलेली नसण्याची शक्यताच अधिक.

तिसरा प्रकार लहान छिद्राचा. कानशिलात बसलेली चपराक, फटाक्याचा जवळून झालेला स्फोट किंवा केसाची पिन यांमुळे पडदा फाटतो. अशी बहुसंख्य छिद्रे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत भरून येतात. छिद्र लहान असेल तर श्रवणातील तूट इतकी थोडी असते की व्यवहारात ती जाणवतही नाही.

चौथा प्रकार सर्वांत विलक्षण. युस्टेशियन नलिका नीट काम करीत नसेल तर मध्यकर्णातील हवेचा दाब कमी होतो आणि पडदा आत ओढला जातो. ऐरणीचा लांब दांडा बारीक असतो आणि त्याचा रक्तपुरवठाही तुटपुंजा असतो. त्यामुळे रोगाचा पहिला घाव बहुधा त्यावरच बसतो आणि तो झिजून जातो. साखळीचा मधला दुवाच निखळला, तर ऐकू येणे बंद व्हायला हवे. परंतु आत ओढला गेलेला पडदा कधीकधी थेट रिकिबीच्या माथ्याला जाऊन चिकटतो. हातोडी आणि ऐरण यांना वगळून ध्वनी पडद्यावरून थेट रिकिबीकडे जातो आणि श्रवण जवळजवळ सामान्य राहते. चिमणी-पोपटादी पक्ष्यांच्या मध्यकर्णात असे एकच हाड असते आणि त्यांचे उत्तम चालते. १९५० च्या दशकात जर्मनीतील होर्स्ट वुलस्टाइन आणि फ्रिट्झ त्सोलनर यांनी मध्यकर्णाच्या पुनर्रचनेची शस्त्रक्रिया आकाराला आणली, तेव्हा तिच्या एका प्रकारात शल्यविशारदाने हेतुपुरस्सर हीच जोडणी केली. निसर्ग जे अधूनमधून स्वतः करतो, तेच शास्त्राने हाती घेतले.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवावी. पडदा अखंड आहे, पण त्याच्या मागे साखळी पूर्णपणे तुटली आहे, अशा कानात सुमारे ६० डेसिबलपर्यंत तूट येऊ शकते. बाहेरून पाहता तो कान अगदी निरोगी दिसतो. वार्धक्याने किंवा सततच्या गोंगाटाने अंतःकर्णाची हानी झालेल्या व्यक्तीचा पडदाही निर्दोष असतो. सारांश, डोळ्यांना दिसणारा कान आणि ऐकणारा कान या दोन वेगवेगळ्या बाबी आहेत.

तत्त्वार्थसूत्रात इंद्रियाचे द्रव्येन्द्रिय आणि भावेन्द्रिय असे दोन भेद केले आहेत. द्रव्येन्द्रियात रचना आणि तिचे उपकरण येते. भावेन्द्रियात जाणण्याची क्षमता, म्हणजे लब्धि, आणि त्या क्षमतेचा प्रत्यक्ष वापर, म्हणजे उपयोग, यांचा समावेश होतो. हा विचार आत्म्याच्या ज्ञानासंबंधी आहे, वैद्यकासंबंधी नव्हे. त्यामुळे त्यात आधुनिक शोध शोधण्याचे कारण नाही. तथापि, इंद्रियाची घडण म्हणजेच इंद्रियाची शक्ती नव्हे, हा विवेक ज्या परंपरेने बाळगला तिच्या अनुयायांना आजचा विषय समजण्यास कठीण जाऊ नये.

जेव्हा चांगले ऐकणे फसवे ठरते

येथवरचे विवेचन ऐकून कोणी निश्चिंत होईल. म्हणून आता दुसरी बाजू.

पडद्याचा वरचा भाग आत ओढला जाऊन तेथे खिसा तयार होतो. त्वचेचा मृत थर एरवी कानातून बाहेर सरकत जातो. तो या खिशात साचू लागतो. खिसा वाढतो आणि भोवतीचे हाड कुरतडू लागतो. या रोगाला कॉलेस्टिएटोमा म्हणतात. १८३८ साली योहान्नेस म्युलर यांनी हे नाव रूढ केले. पण हा रोग कोलेस्टेरॉलचा नाही आणि कर्करोगासारखी गाठही नाही. ती चुकीच्या जागी वाढलेली साधी त्वचा आहे. तिचे उपद्रव मात्र साधे नाहीत.

धोक्याची गोष्ट अशी की, या रोगाने ऐरण खाऊन टाकली तरी रुग्णाला बरे ऐकू येऊ शकते. कारण हाडाच्या रिकाम्या जागेत रोगाचीच गाठ बसते आणि पुलाप्रमाणे ध्वनी पुढे पोहोचविते. घर पोखरणाऱ्या वाळवीनेच छताला टेकू द्यावा, तसा हा प्रकार. ऐकू येते म्हणून रुग्ण स्वस्थ राहतो, आणि रोग चेहऱ्याच्या मज्जातंतूकडे, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांकडे किंवा मेंदूच्या आवरणाकडे सरकत राहतो. चेहरा वाकडा होणे, भोवळ, मेंदूज्वर आणि मेंदूत पू होणे हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत.

अशा रुग्णाला शस्त्रक्रिया सुचविली जाते तेव्हा खरा पेच उभा राहतो. रोग काढताना तो टेकूही काढावा लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी चांगले ऐकणाऱ्या कानाला शस्त्रक्रियेनंतर कमी ऐकू येऊ शकते. बऱ्याच वेळा कृत्रिम किंवा स्वतःचेच हाड बसवून श्रवण सुधारता येते, पण त्याची हमी नसते. ही गोष्ट आधी स्पष्टपणे सांगितली गेली नाही, तर कुटुंबाला वाटते की चांगला कान बिघडविला गेला. त्यामुळे विश्वास तुटतो आणि पुढच्या तपासण्या टाळल्या जातात. हा रोग पुन्हा उद्भवू शकत असल्याने त्या तपासण्याच जीव वाचविणाऱ्या असतात. येथे शस्त्रक्रियेचा पहिला हेतू कान सुरक्षित करणे हा असतो. श्रवण हा दुसरा. हा क्रम रुग्णाने आणि त्याच्या आप्तांनी आधीच समजून घेतला पाहिजे.

तपासणीचा अर्थ कसा लावावा?

अनेकान्ताचे संस्कार झालेल्या श्रोत्यांना हे सांगणे सोपे आहे. दुर्बिणीतून दिसणारा पडदा हा एक नय, श्रवणचाचणीचा आलेख हा दुसरा आणि सीटी स्कॅन हा तिसरा. कोणताही एक पकडून निर्णय घेतला की चूक होते.

श्रवणचाचणीत प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासला जातो, आणि ते अत्यावश्यक आहे. एक कान उत्तम असेल तर दुसऱ्याची उणीव वर्षानुवर्षे झाकली जाते. फोन नेहमी एकाच कानाला लावण्याची सवय हे त्याचे घरगुती लक्षण मानावे. चाचणीत हवेतून जाणारा ध्वनी आणि कवटीच्या हाडातून जाणारा ध्वनी असे दोन आलेख काढतात. दोन्ही आलेख सामान्य मर्यादेत असले तरी त्यांच्यातील अंतर पाहावे. १०-१५ डेसिबलचे अंतर असेल, तर मध्यकर्णात काही घडत आहे, एवढी सूचना त्यातून मिळते.

आजकाल सायनससाठी किंवा डोक्याला मार लागला म्हणून स्कॅन काढला जातो आणि अहवालात कानाच्या हाडाविषयी एखादी ओळ येते. ती वाचून घरात घबराट पसरते. अशा वेळी थेट शस्त्रक्रियेचा विचार न करता आधी तज्ज्ञांकडून सूक्ष्मदर्शकाखाली कान तपासून घ्यावा आणि श्रवणचाचणी करावी. आपल्या उपनगरांत विलेपार्ल्याचे कूपर आणि घाटकोपरचे राजावाडी ही महापालिकेची रुग्णालये आहेत. वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् आणि श्रवण या क्षेत्रातच कार्यरत आहे. त्यामुळे दूर जाण्याचे कारण नाही.

तज्ज्ञांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, हा दोष जुन्या, शमलेल्या आजाराची खूण आहे की अजून वाढणारा आजार आहे? दुसरा, पडद्याच्या खिशाचा तळ दिसतो का, आणि तो स्वच्छ राहतो का? तिसरा, काही केले नाही तर काय होईल, आणि केले तर आज असलेल्या श्रवणाचे काय होईल? या तीन उत्तरांतून बहुतेक निर्णय स्पष्ट होतात. आजार शमलेला असेल तर पडद्याचे छायाचित्र आणि श्रवणाचा आलेख जपून ठेवून, सांगितलेल्या मुदतीने त्यांची तुलना करणे हाच उपचार. येथे न केलेली शस्त्रक्रियाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असते.

लष्कर, विमानसेवा किंवा नौकानयन अशा सेवांत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथील वैद्यकीय तपासणीत श्रवणाबरोबर पडद्याचीही स्वतंत्र पाहणी होते. ऐन परीक्षेच्या दिवशी धक्का बसण्यापेक्षा कानाची तपासणी आधीच करून घ्यावी.

दैनंदिन काळजी

मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे कानात बुरशी वाढते. अशा कानात कोमट तेल घालण्याची आपल्या घरांतील जुनी सवय सोडून द्यावी. पडद्याला छिद्र असेल तर तेल थेट मध्यकर्णात जाते. काडी, पिन, कापूस गुंडाळलेली काडी आणि स्थानकाबाहेर बसणारे कानमैलिये, या सर्वांना दूरच ठेवावे. कपाटात उरलेले जुने थेंब परस्पर घालू नयेत. छिद्र असलेल्या कानात काही औषधे अंतःकर्णाला अपाय करतात. छिद्र असताना स्नानावेळी कानात पाणी जाऊ देऊ नये आणि पोहण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

दुर्गंधीयुक्त स्राव, मग तो थेंबभर का असेना, कधीही दुर्लक्षू नये. कान वाहत असताना भोवळ येणे, चेहरा एका बाजूला ओढला जाणे, कानामागे सूज येणे किंवा तापासह तीव्र डोकेदुखी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्या वेळी ऐकू किती येते, हा प्रश्न गौण असतो.

घरातील ज्येष्ठांविषयीही दोन शब्द. अनेक साधू-साध्वीजी ध्वनिवर्धकाविना प्रवचन देतात. उपाश्रयात मागे बसणारे आजोबा हळूहळू पुढच्या रांगेत सरकू लागले, किंवा येण्याचेच बंद झाले, तर त्यांची श्रद्धा कमी झाली असे समजू नये. त्यांचा कान तपासावा. तज्ज्ञाने ‘पडदा ठीक आहे’ एवढेच सांगितले, तरी श्रवणचाचणीचा आग्रह धरावा. आणि ज्या नातवाच्या पडद्यावर पांढरे डाग दिसले, पण ज्याची चाचणी सामान्य आली, त्याला ‘कानाचा रोगी’ म्हणून वाढवू नये. पोहणे, संगीत, खेळ यांपासून त्याला विनाकारण वंचित ठेवणे हाही एक प्रकारचा अन्यायच होय.

कान कसा दिसतो आणि कसा ऐकतो, हे दोन्ही विचारावे आणि दोन्ही उत्तरे एकत्र वाचावीत. दिसण्याला भिऊ नये आणि ऐकण्यावर विसंबून राहू नये. जे श्रवण आपल्याला लाभले आहे ते सत्पुरुषांच्या वाणीसाठी, आप्तांच्या हाकेसाठी आणि दुःखिताच्या गाऱ्हाण्यासाठी दीर्घकाळ सुरक्षित राहो, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!